वकिलीची सुरुवात नांदगावच्या कोर्टातून

नांदगाव तालुक्यात दोन ठिकाणी कोर्ट आहे, एक नांदगावला आणि दुसरं मनमाडला. तालुक्याच्या कोर्टात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी ही दोन्ही कामं बहुधा एकाच न्यायाधीशाकडे असतात. त्यामुळे ज्या कोर्टात सकाळी भाऊबंदकीतल्या वाटपाचा दावा चालतो, तिथंच दुपारी बांधावरच्या मारामारीची फौजदारी केस उभी राहते. हे सगळं बघायला कुणाची शिफारस लागत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १५३-ब आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६६ सांगतात, की कोर्टाचं काम खुलेपणानं चालतं आणि जागा असेल तोवर कुणालाही मागच्या बाकावर येऊन बसता येतं. काही नाजूक खटले बंद दाराआड चालतात, बाकी सारं उघड असतं.

तरीही नांदगावात बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. करणाऱ्या बहुतेक मुलामुलींनी हे कोर्ट आतून पाहिलेलं नसतं. वकील व्हायचं असं मनात असलेल्यांनीही नाही. पदवी हातात आल्यावर सीईटी द्यायची, नाशिकला किंवा पुण्याला प्रवेश घ्यायचा आणि मग कायद्याला हात लावायचा, असा सर्वसाधारण हिशोब असतो. या हिशोबात पदवीची तीन वर्षं फुकट जातात, असं माझं स्पष्ट मत आहे. कायद्याच्या शिक्षणाला लागणारी निम्मी शिदोरी तालुक्याच्या गावी याच वर्षांत गोळा करता येते, आणि ती मोठ्या शहरातल्या मुलांना सहजासहजी मिळत नाही.

आधी प्रवेशाचं. वकिलीच्या पदवीला दोन वाटा आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम किंवा कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचं एलएल.बी. महाराष्ट्रातल्या कॉलेजांसाठी राज्य सीईटी कक्ष या दोन्हींच्या वेगवेगळ्या परीक्षा घेतो. प्रश्नपत्रिका इंग्रजीसोबत मराठीतही असते, चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत आणि वयाची वरची मर्यादा नाही. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के, इतर मागासवर्गीयांना ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच सीईटी देता येते. निकालाची वाट पाहत एक वर्ष घालवायची गरज नाही.

यात एक अट अशी आहे की ती वेळेवर कुणी सांगत नाही. घरची शेती, दुकान किंवा नोकरी सांभाळत मुक्त विद्यापीठातून पदवी घेणारे तालुक्यात बरेच आहेत. बारावी झाल्यावर मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर एलएल.बी.ला अडचण येत नाही. मात्र दहावी-बारावीचा टप्पा न ओलांडता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवीला बसलेल्यांना बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या शिक्षण नियमांनुसार कायद्याचा प्रवेश मिळत नाही. अशा विद्यार्थ्याला हे पदवीनंतर नाही, पदवीला नाव घालण्याआधी कळायला हवं.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांची गोष्ट निराळी. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. तिथला पाच वर्षांचा अभ्यासक्रम क्लॅट या देशपातळीवरच्या परीक्षेतून मिळतो. ती अलीकडे डिसेंबरात होते, इंग्रजीत असते आणि तिचा सारा भर उतारे झपाट्यानं वाचून समजण्यावर असतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना ती जड जाते ती याच कारणानं. कायदा अवघड असतो म्हणून नव्हे. राज्यातल्या रहिवाशांसाठी तिथं राखीव जागा आहेत, आणि वंचित घरांतल्या मुलांची क्लॅटची तयारी करून घेणारा ‘इडिया’ हा उपक्रम प्राध्यापक शामनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केला. अकरावी-बारावीत असलेल्यांनी या दाराशी जरूर जावं. पदवीला असलेल्यांनी ते दार बंद झालं म्हणून हळहळू नये. भूषण गवई अमरावतीत नगरपालिकेच्या शाळेत शिकले, कायद्याची पदवी त्यांनी अमरावती विद्यापीठातून घेतली, १९८५ मध्ये वकिलीची सनद घेतली आणि १४ मे २०२५ रोजी ते देशाचे सरन्यायाधीश झाले. आपल्याच जिल्ह्यात, निफाडला १८४२ मध्ये जन्मलेले महादेव गोविंद रानडे मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी. १८६६ मध्ये ते एलएल.बी. झाले आणि १८९३ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायाधीश.

नांदगावच्या विद्यार्थ्याला जवळचं म्हणजे नाशिक. तिथं मराठा विद्या प्रसारक समाजाचं विधी महाविद्यालय आहे, गोखले एज्युकेशन सोसायटीचं एनबीटी विधी महाविद्यालय आहे. पुण्याचं आयएलएस १९२४ चं, मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चं. सीईटीच्या गुणांवर ही नावंही आवाक्यात येतात. पण रोज रेल्वेनं जाऊन-येऊन कायदा शिकू, असं ठरवणाऱ्यानं ७० टक्के हजेरीचा नियम ध्यानात ठेवावा. तो प्रत्येक विषयाला लागू आहे.

फीचा प्रश्न मुलींच्या बाबतीत बराच सुटला आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. अट एवढीच, की प्रवेश केंद्रीय प्रवेश फेरीतून झालेला हवा. संस्थेच्या पातळीवर किंवा व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही. ‘कॉलेजात ओळख आहे, थेट प्रवेश होऊन जाईल’ असं सांगणाऱ्या नातेवाइकाचं ऐकून फेरी सोडली, तर माफीवर पाणी सोडावं लागतं. मुलग्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि महाडीबीटीवरच्या इतर योजना आहेतच. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर हे सगळं पदवीच्या दुसऱ्या वर्षातच काढून ठेवावं. ऐन जूनमध्ये सेतू केंद्रासमोर रांग असते.

आता इंटर्नशिपचं. बार कौन्सिलच्या २००८ च्या त्याच नियमांनी तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे प्रत्यक्ष काम सक्तीचं केलं आहे. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. कुठं करायचं याची यादी नियमातच आहे आणि ती वाचण्याजोगी आहे. स्वयंसेवी संस्था, खालच्या आणि वरच्या कोर्टातले वकील, न्यायाधीश, विधिमंडळ आणि संसद, कंपन्या, लॉ फर्म, आणि स्थानिक स्वराज्य संस्थासुद्धा. म्हणजे नांदगाव किंवा मनमाड नगर परिषदेत करनिर्धारणाच्या, अतिक्रमणाच्या फायली हाताळून केलेलं काम नियमाला धरून आहे. खटला चालवणाऱ्या आणि अपिलात काम करणाऱ्या वकिलांकडे एकदा तरी जाणं तर प्रत्येकाला भागच आहे. पोशाखाचाही नियम आहे. काळा कोट आणि टाय सांगितला आहे, पण ज्याला तो जमत नाही त्यानं पांढरी पँट, खोचलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बंद बूट घातले तरी चालतं, असं नियमच म्हणतो. कोटाला पैसे नाहीत म्हणून कोर्टात जायला लाजणाऱ्या मुलांना हे वाक्य दाखवायला हवं.

मुंबईतल्या मोठ्या फर्मच्या इंटर्नशिपचं आकर्षण मला समजतं. तिथं करार वाचायला मिळतात, इंग्रजी मसुदा सुधारतो, बायोडेटावर नाव येतं. पण चार आठवड्यांत तिथं एखादा दावा पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसत नाही. तालुक्यात तो दिसतो. वाटपाच्या दाव्याची एक जुनी फाईल उघडून बसलं, की काय काय हाती लागतं ते पाहू.

निशाणी १ म्हणजे दावा. तो वाचला की कळतं, की कुटुंबाची वंशावळ कशी मांडतात आणि गट नंबर, चतु:सीमा, आणेवारी कशी लिहितात. निशाणी ५ म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज: दाव्याचा निकाल लागेपर्यंत भावानं जमीन विकू नये, बोजा चढवू नये, एवढीच मागणी. महाराष्ट्रातल्या दिवाणी कोर्टांत ‘निशाणी पाचवर युक्तिवाद’ म्हटलं की कुणालाही फोड करून सांगावी लागत नाही, कारण निम्मी लढाई तिथंच ठरते. मग प्रतिवादीची कैफियत येते. त्यात सहसा असं असतं, की वाटणी तोंडी पूर्वीच झाली आहे, आणि बहिणीनं हक्क सोडून दिला आहे. इथं विद्यार्थ्यानं थांबायचं आणि सातबारा, आठ-अ आणि फेरफार एकापुढे एक ठेवायचे. बहिणीचं नाव कोणत्या फेरफारानं कमी झालं? हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे की तलाठ्याकडे दिलेला नुसता जबाब? १९०८ च्या नोंदणी कायद्याचं कलम १७ तिथं जिवंत होतं. वडील कधी वारले, वाटणी कधी झाली? हिंदू उत्तराधिकार कायद्यातली ९ सप्टेंबर २००५ ची दुरुस्ती मुलीला जन्मानं मुलाइतकाच हक्क देते, आणि त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेली वाटणी मात्र मोडत नाही. म्हणजे सगळा दावा दोन-तीन तारखांवर येऊन ठेपतो, आणि त्या तारखा पिवळ्या पडलेल्या फेरफाराच्या नकलेत असतात.

पुढं मुद्दे निघतात, सरतपासाचं शपथपत्र दाखल होतं, उलटतपास होतो. वादी बहिणीला ‘तुम्ही लग्नानंतर जमीन कधी कसली नाही, हे खरं का?’ असं विचारलं की ती गोंधळते आणि ‘हो’ म्हणते. तो प्रश्न का विचारला, त्या ‘हो’नं दाव्याला धक्का बसतो का, हे संध्याकाळी सिनिअर वकिलांना विचारावं. सहहिस्सेदारानं स्वतः जमीन कसली नाही म्हणून त्याचा हक्क बुडत नाही, हे पुस्तकात एका ओळीत असतं. साक्षीच्या पिंजऱ्यासमोर बसून ते ऐकलं की जन्मभर विसरत नाही. निकाल लागला, हुकूमनामा निघाला, तरी काम संपत नाही. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ नुसार महसूल खात्याकडे जातं, आणि फाईल कोर्टातून तहसीलकडे, मोजणी खात्याकडे निघते. कायदा, जमाबंदी, नोंदणी आणि बांधावरचा मोजणीदार, हे सगळं एका फाईलमध्ये.

तहसील कार्यालय ही दुसरी शाळा. शेतरस्ता अडवला तर शेतकरी कोर्टात न जाता तहसीलदारांकडे १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली अर्ज करतो. रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागतो. दोन अर्जांतला फरक न कळल्यामुळे चुकीच्या कलमाखाली अर्ज करून वर्ष-वर्ष घालवलेले शेतकरी सापडतात. पावसाळ्यात कांदा-मक्याचा ट्रॅक्टर बाहेर निघत नाही तेव्हा हा फरक कागदावरचा राहत नाही.

हे काम कायद्याला प्रवेश घेण्याआधीही करता येतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण म्हणजे ओजेटी, क्षेत्र प्रकल्प आणि समाजसहभाग प्रकल्पाला श्रेयांक आहेत. मराठा विद्या प्रसारक समाजाचं कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय नांदगावातच आहे. तिथल्या राज्यशास्त्राच्या विद्यार्थिनीनं शेतरस्त्यांच्या निकालांवर प्रकल्प करावा, वाणिज्यच्या विद्यार्थ्यानं न वटलेल्या धनादेशांच्या खटल्यांवर. धनादेश परत आल्याची खबर मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर पैसे द्यायला १५ दिवस, त्यानंतर एका महिन्यात फिर्याद: व्यापाऱ्यांची कितीतरी प्रकरणं या तीन मुदतींपैकी एक चुकल्यानं पडतात. अशा अभ्यासाला प्राध्यापकांनी दहा पानी नक्कल-चिकट प्रकल्पापेक्षा जास्त मान द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ई-कोर्ट्सच्या ॲपवर कुठल्याही खटल्याचा अक्षरं-अंक मिळून १६ चिन्हांचा सीएनआर क्रमांक टाकला की तारखा आणि आदेश मोबाइलवर दिसतात. सकाळी कोर्टाचा बोर्ड, म्हणजे त्या दिवसाची खटल्यांची यादी, पाहून कोणती साक्ष ऐकायची ते ठरवता येतं.

तालुका विधी सेवा समिती हे आणखी एक दार. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीत असलेल्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तरी बऱ्याच लोकांना हे ठाऊक नसतं. लोकअदालतीच्या दिवशी कोर्टात चला, पक्षकारांना कागद वाचून दाखवा, तडजोडीच्या अटी समजावून सांगा. विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवायला वकील असावं लागत नाही, विद्यार्थ्यांनाही ते करता येतं. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे. गावातल्या बाईला हा आकडा पाठ करून देणं हेसुद्धा कायद्याचंच काम.

भाषेबद्दल मुलांच्या मनात विनाकारण भीती असते. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेनं महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी ठरली. दावा, कैफियत, जबाब, पुरसीस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) मराठीत असतात. चांगलं, नेमकं मराठी लिहिता येणं ही तालुक्यातल्या वकिलाची भांडवली रक्कम आहे. उच्च न्यायालयाची भाषा संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे इंग्रजी आहे, त्यामुळे इंग्रजी टाळून चालणार नाही. रोज सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल इंग्रजीत वाचावा, आणि त्याचा मराठी अनुवाद उपलब्ध असेल तर शेजारी ठेवावा. दोन वर्षांत फरक पडतो. भूगोलाची एक गंमतही इथं सांगायला हवी: शेजारचा चाळीसगाव तालुका जळगाव जिल्ह्यात असल्यानं तिथल्या प्रकरणांचं उच्च न्यायालय छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ, आणि नांदगावकराला मात्र मुंबई गाठावी लागते. म्हणून नांदगावच्या ज्युनिअरनं मुंबईतल्या एखाद्या वकिलाशी अपिलांच्या कामासाठी सुरुवातीपासून संबंध जोडलेले बरे.

कोर्टाबाहेरही कायद्याची पदवी चालते. बँकांच्या विधी अधिकारी पदासाठी आयबीपीएसची परीक्षा आहे, सैन्यात जज ॲडव्होकेट जनरल शाखा आहे, खासदारांसोबत वर्षभर काम करण्याची पीआरएस संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे, उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीशांचे लॉ क्लार्क म्हणून करारावर काम मिळतं. मुख्यमंत्री फेलोशिपला तर कायद्याचीच पदवी असावी असंही नाही. कोणतीही पदवी ६० टक्क्यांनी आणि वर्षभराचा अनुभव लागतो.

पैशाबद्दल मात्र आडपडदा नको. सनद मिळाल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं हात तंगच असतो. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं सुचवलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या बारमध्ये एवढं देणारे सिनिअर फार थोडे. घरी शेतीचा किंवा नोकरीचा आधार आहे का, हे प्रवेशाच्या वेळीच आई-वडिलांशी बसून बोलावं. एका बाबतीत दिलासा मिळाला आहे. सनद घेताना राज्य बार कौन्सिलं हजारो रुपये घेत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ठरवून दिलं, की वकील कायद्यात सांगितलेल्या रकमेपेक्षा, म्हणजे खुल्या प्रवर्गासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाही. पुढं अखिल भारतीय बार परीक्षा असते, तीही मराठीतून देता येते.

न्यायाधीश व्हायचं असेल तर लोकसेवा आयोगाची दिवाणी न्यायाधीश परीक्षा आहे. तिच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं २० मे २०२५ रोजी महत्त्वाचा निर्णय दिला: नव्या पदवीधराला थेट बसता येणार नाही, किमान तीन वर्षांची वकिली हवी. ती तात्पुरती सनद मिळाल्याच्या दिवसापासून मोजायची. लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही त्यात धरलं जातं. अटी बदलतात, म्हणून अर्ज करताना आयोगाची त्या वर्षीची जाहिरात नीट वाचावी. अनुभवाचा दाखला ज्या कोर्टात काम केलं त्या कोर्टाचे प्रमुख न्यायिक अधिकारी देतात, किंवा किमान दहा वर्षं वकिली केलेले वकील देतात आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्यांची सही लागते. हा दाखला मुंबईचा असावा असं त्या निर्णयात कुठंही नाही. नांदगावच्या कोर्टातल्या वकिलाचा दाखला तितकाच चालतो. त्यासाठी रोज बोर्डावर नाव लागायला हवं, वकीलपत्रं दाखल झालेली हवीत, रोजनाम्यात हजेरी दिसायला हवी. या तिन्ही गोष्टींच्या नकला पहिल्या दिवसापासून वेगळ्या फाईलमध्ये लावत जाव्यात.